शीर्षप्रहेलिका : गणनेची सीमा



‘अनुयोगद्वारसूत्रा’त कालगणनेचा आरंभ ‘समय’ या सूक्ष्मतम परिमाणापासून होतो आणि गणिताचा विषय ‘शीर्षप्रहेलिके’पाशी संपतो. ८४ लक्ष वर्षांचे एक पूर्वांग. त्यास ८४ लक्षांनी गुणिले असता एक पूर्व, म्हणजे ७० लक्ष ५६ हजार कोटी वर्षे. याच क्रमाने अठ्ठाविसाव्या स्थानी शीर्षप्रहेलिका येते. ही संख्या १९४ अंकी आहे : आरंभी ५४ अंक, त्यापुढे १४० शून्ये.

एवढी विशाल असूनही तिची घडण सुबोध आहे. ८४ लक्षांचे अवयव पाडता २, ३, ५ व ७ याच मूळ संख्या मिळतात. म्हणून शीर्षप्रहेलिकेत २ हा अवयव १९६ वेळा, ३ व ७ प्रत्येकी २८ वेळा आणि ५ हा १४० वेळा येतो. ११ने तिला निःशेष भाग जात नाही. २८ हा घातांक सम असल्याने ती पूर्ण वर्ग आहे. ८४ लक्षांचा चौदावा घात हे तिचे वर्गमूळ. तिला निःशेष भागणाऱ्या संख्या २,३३,६०,४५७ भरतात. त्या एकेक न लिहिताही त्यांची गणती होते, हे गणिताचे सामर्थ्य.

‘ज्योतिष्करंडका’त हीच संज्ञा छत्तिसाव्या घातास, २५० अंकी संख्येस दिली आहे. सीमेचे स्थान बदलले. परंतु दोन्ही संख्या ‘संख्यात’च राहतात. त्यापलीकडे शास्त्रकार पल्योपम, सागरोपम या उपमांचा आश्रय घेतात. अतिविशाल म्हणजे अनंत नव्हे, हा सूक्ष्म विवेक प्राचीन आचार्यांनी जपला. तो नव्या पिढीच्या हाती सोपविणे, हेच खरे श्रुतपूजन होय.