चोथ्यातून तेल



वर्धापनदिनी दोन शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, म्हणून मी तेलाचा विषय घेतला. महिन्याच्या वाणसामानात जीव कासावीस करतो तो तेलाचाच डबा. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. आता शास्त्रज्ञ म्हणतात, उसाचा चोथा, मळी, पनीरचे पाणी, यांच्यापासूनही तेल करता येते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण भाचा हेच शिकतो, त्याला मी खोदून खोदून विचारले.

तेल चोथ्यात नसते, ते यीस्ट करते. पाव फुगवणारे यीस्ट आपल्या ओळखीचे. रोडोटोरुला, लायपोमायसेस ही त्याची चुलत भावंडे म्हणा. ती साखर खाऊन अंगात चरबी साठवतात. त्यांना साखर भरपूर द्यायची, नत्र मात्र मोजके. म्हणजे ताटात भाताची रास आणि वरण चमचाभर! नत्रावाचून नव्या पेशी घडत नाहीत, वंश वाढायचा थांबतो आणि उरल्या साखरेची चरबी होते. काही जातींत सुकल्यावर निम्म्याहून जास्त वजन तेलाचेच भरते. युक्ती नवी नाही. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) जर्मनीत चरबीची टंचाई पडली, तेव्हा पॉल लिंडनर यांनी असाच प्रयत्न केला होता.

मग दुकानात का नाही? हिशेब पाहा. १०० किलो साखरेतून कागदावर ३२ किलो तेल. हाती येते २० किलोच्या आसपास. म्हणजे किलोभर तेलाला पाच किलो साखर! वाण्याचा भाव तुम्हीच लावा. म्हणून टाकाऊ माल हवा. पण चोथ्यातली साखर घट्ट बांधलेली असते, ती आधी आम्लाने किंवा एन्झाइमने सोडवावी लागते. मग टाकी निर्जंतुक करा, दिवसचे दिवस हवा सोडा, ढवळा, शेवटी पेशी फोडून तेल काढा. पावलोपावली वीज आणि पैसा. घरच्या डब्यात हे होणारे नव्हे.

आणि टाकाऊ म्हणजे कोणाला टाकाऊ? कारखान्यात चोथा बॉयलरमध्ये जळतो, त्यावर वीज होते. मळीचे मद्यार्क होते. ते काढून घेतले तर तिकडे दुसरे जळण लागणार, हे कोणी बोलत नाही. पनीरचे पाणी मात्र पुष्कळदा गटारात जाते आणि घाण सुटते. दुधातली साखर पावाच्या यीस्टला पचत नाही, पण तेल साठवणाऱ्या काही जातींना पचते. तेथून आरंभ करावा, असे मला वाटते. हे तेल आधी साबणाला नि इंजिनाला लागेल. कढईत यायला तपासण्या आणि परवाने पुष्कळ.

आपल्यापैकी ज्या डेअरीतून पनीर आणतात, त्यांनी पाणी कोठे सोडता एवढे विचारून यावे. पुढच्या बैठकीत ऐकायला मी उत्सुक आहे.