औषधांची फळी आणि घरची माणसे

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मी वैद्य नव्हे. माझे आयुष्य खडूफळ्यापाशी गेले. तरीही औषधांविषयी बोलण्याचे धाडस करतो, कारण आज पुष्कळ घरांत देवघराच्या खालोखाल औषधांची फळी भरलेली असते, आणि तिच्यावरील कोणती गोळी काय करते हे घरातील एकालाही सांगता येत नाही. ‘सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी’ एवढ्यावर कारभार चालतो. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, रंग बदलला, की तो कोलमडतो.

हे ज्ञान घरी का असावे? १९५६ साली मद्रास येथे क्षयरोगाच्या औषधोपचारांचे संशोधनकेंद्र निघाले. क्षयी मनुष्याने आरोग्यधामातच राहावे असा तोवर दंडक होता. या केंद्राने काही रोग्यांना आरोग्यधामात ठेविले व काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून तीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. उपचार घरात आला, आणि त्याबरोबर परिचारिकेचे काम आई, पत्नी, सून यांच्याकडे आले. मात्र परिचारिकेचे शिक्षण त्यांना कोणी दिले नाही.

आज साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. काही आठवड्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, आणि रोगी म्हणतो, ‘आता गोळ्या कशाला?’ परंतु दडून राहिलेले जंतू अद्याप जिवंत असतात; औषध अर्धवट सोडल्यास ते पुन्हा वाढतात, व त्यांतून त्या औषधाला न जुमानणारी पैदास माजू शकते. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते. हे आधी ठाऊक नसलेला मनुष्य रक्त गेले समजून घाबरतो आणि उपचारच सोडतो. दोन वाक्ये आधी सांगितली असती तर?

रक्तदाबाचेही तेच. दुखत नाही म्हणून गोळी बंद! दाब उतरलेला असतो तो गोळीमुळे, हे ध्यानात येत नाही.

आता भगिनींच्या जिव्हाळ्याची गोष्ट. थायरॉक्सिनची गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावयाची असते. चहा अर्ध्या-एक तासानंतर. (आपल्याकडे हा अर्धा तास म्हणजे कडक उपवासच!) प्रेमळ सून सासूबाईंना ती गोळी, लोहाची आणि कॅल्शियमची, अशा तिन्ही एकाच वाटीत देते. लोह व कॅल्शियम त्या औषधाला आतड्यातच अडवितात. म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. एरवी तपासणीत दोष दिसतो, डॉक्टर मात्रा वाढवितात, आणि खरी चूक वाटीत असते. लोहाच्या गोळीला चहाचेही वावडे आहे. लिंबाचे सरबत मात्र मानवते. तिने शौचास काळे होते, त्यास भिऊ नये.

‘हे काय, नुसते शक्तीचे!’ असे म्हणून टॉनिके आणि चूर्णे डॉक्टरांपासून लपवू नयेत. तसेच वेष्टणावर कंपनीने दिलेले नाव वेगळे आणि औषधाचे नाव वेगळे असते.  तापाची एक व सर्दीची दुसरी गोळी, दोहोंत पॅरासिटामॉलच असते. दोन्ही घेतल्या की मात्रा दुप्पट होते, आणि अति झाल्यास यकृताला इजा पोहोचते.

शिकविण्याविषयी मात्र मी अधिकाराने बोलतो. ‘समजले का?’ असे विचारले की सारा वर्ग ‘हो’ म्हणतो. त्या होकारास काडीची किंमत नाही. दवाखान्यातला होकार याच जातीचा. म्हणून उठण्यापूर्वी आपणच म्हणावे, ‘डॉक्टरसाहेब, मला कळले ते सांगतो, चुकले तर सुधारा.’ कोणती गोळी, कशासाठी, केव्हा, कशाबरोबर नको, आणि राहून गेली तर काय करावयाचे. वेळ नाही असे उत्तर आले, तर औषधविक्रेत्यास विचारावे. तोही त्या विद्येचा शिकलेला असतो.

दाराजवळच्या मेजावर याच पाच रकान्यांचे कोरे तक्ते ठेविले आहेत. ज्यांच्या घरी औषधे चालू आहेत त्यांनी माणशी एक न्यावा, आणि जो रकाना भरता येणार नाही तो पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावा.