सुट्टीचा दिवस आणि समुद्राकाठचे रान



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत अभयारण्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण विश्रांतीचा प्रश्न हा आमच्या चळवळीच्या अगदी पहिल्या प्रश्नांपैकी आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना एके काळी आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी चळवळ केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. सुट्टी मिळाली, ती कोठे आणि कशी घालवावी, हा आजचा माझा विषय आहे.

रायगड जिल्ह्यात मुरूड-रोहे बाजूच्या डोंगरांत, समुद्रापासून जवळच, फणसाडचे अभयारण्य आहे. काशीदच्या पुळणीवर गर्दी करणाऱ्यांपैकी थोडेच त्या रानात शिरतात. संस्थानी अमलात हे जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९८६ साली रान अभयारण्य ठरले. जेथे एका घराण्याची करमणूक होई, तेथे आज तुम्हीआम्ही जाऊ शकतो. लोकशाहीची ही मिळकत मी लहान मानत नाही.

तेथे बिबळ्या आहे, सांबर, भेकर, पिसोरी आहे, आणि आपल्या राज्याचा प्राणी शेकरू उंच झाडांवरून उड्या घेत जातो. पाऊस धो धो पडतो, पण पाणी उतारावरून समुद्राला मिळते आणि वैशाखात मोजकेच पाणवठे उरतात. त्यांना तिकडे ‘गाण’ म्हणतात. आपल्या मुलांना मोठी सुट्टी मिळते ती नेमकी याच दिवसांत. आपण डबे उघडून, गाणी लावून पाणवठ्यावर बसलो, तर सांबर झाडीतच तहानलेले उभे राहते. आपली विश्रांती त्याच्या पाण्यावर बेतते.

गिधाडाची गोष्ट तर आपल्या गोठ्यापर्यंत येते. १९९० नंतर देशातली गिधाडे भराभर नाहीशी झाली. गुरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. फणसाडलाही गिधाडांसाठी मेलेली जनावरे नेऊन ठेवण्याचा उपक्रम झाला आहे. गोठ्यात टोचलेल्या सुईचा परिणाम रानापर्यंत जातो, हे शेतकऱ्यांच्या तालुक्यांनी तरी विसरू नये.

आता, रान राखतो कोण? उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढणारा, वणवा झोडपून विझवणारा वनमजूर. त्याच्याबरोबर रानालगतच्या वाड्यांतली गरीब माणसे, ज्यांच्या सरपणावर आणि चराईवर अभयारण्याचे नियम येतात. म्हणून पाहुण्याने दिलेली वाटाड्याची मजुरी आणि जेवणाचे पैसे त्यांच्या घरी गेले पाहिजेत. रानापासून ज्याच्या घरात दोन घास येतात तो रान राखील. उपाशी माणसाला राखणदारीचा उपदेश करणे मला जमणार नाही.

मुरूड लांब आहे, असे कोणी म्हणेल. फणसाडला जाण्याची वाट सुपेगावावरून आहे. तशाच नावाचे सुपे आपल्या शेजारच्या बारामती तालुक्यात आहे. दौंडकरांना ते जवळच; शिरूरकरांनी न्हावऱ्यावरून चौफुल्याला यावे आणि मोरगावची वाट धरावी. तेथले मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली चिंकाऱ्यासाठी राखले गेले. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचा तो तुकडा. दाट झाडी नाही. उघडा माळ आणि गवत, कारण चिंकाऱ्याला तेच लागते. अशा माळाला आपण पडीक म्हणतो, त्यावर मोटारी घालतो, त्याचे प्लॉट पाडतो. बाहेरचा माळ असा संपत गेला, तर आतला चिंकारा कोंडल्यासारखाच होईल.

तेव्हा माझे मागणे थोडके आहे. अवश्य जा, मुलाबाळांना घेऊन जा. परवानगी काढून, गावचा वाटाड्या घेऊन जा. पाणवठ्यापासून दूर बसा. नेलेला कचरा परत आणा. आणि आपल्या गावच्या गायरानावर कोणाचा डोळा असेल, तर ग्रामसभेत उठून बोला. रविवार मिळवायला संघटना लागली होती, रान टिकवायलाही ती लागेल.