धोट्याचा वेग



विज्ञान शिक्षकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, तेही यंत्रमागांच्या भिवंडीत, याबद्दल मनापासून आभार. ऊर्जा आणि गती शिकवायला याहून सोयीचं गाव सापडणं कठीण. मोटर फिरते, पट्ट्यावरून ती गती मागात उतरते, काठीचा फटका बसतो आणि आडवा धागा नेणारा धोटा ताण्याच्या धाग्यांमधून पलीकडच्या पेटीत जाऊन आदळतो. तिथं तो थांबतो तेव्हा त्याची गतिज ऊर्जा उष्णतेत आणि आवाजात जाते. ऊर्जा-रूपांतराचा अख्खा धडा इथल्या मुलांच्या दाराबाहेर रात्रंदिवस खटखटत असतो.

आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात काय दिसतं? थर्माकोलच्या टेकडीवर पवनचक्की, आणि तिच्या मागे दडवलेली बॅटरी. ती पवनचक्की वीज तयार करत नाही, वीज खाते. मूल पाठ केलेलं भाषण म्हणतं, परीक्षक मान डोलावतात, नंबर येतो. यात मुलाचा काडीचाही दोष नाही. मोजायला कोणी सांगितलंच नाही, तर ते मोजणार काय?

माझं म्हणणं एवढंच आहे की, सहावी ते आठवीच्या प्रकल्पात काहीतरी मोजलं गेलं पाहिजे, आणि मोजलेल्या आकड्यातून नवा प्रश्न निघाला पाहिजे.

धोट्याचंच घेऊ. मुलांनी कारखान्यात शिरायचं नाही, मशीनला हात लावायचा नाही. एकच माग वेगळा ऐकू येईल अशा दाराबाहेर उभं राहून, घड्याळ लावून मिनिटभरातले फटके मोजायचे. कापडाचा पन्हा कारागिराला विचारायचा. समजा, मिनिटाला 120 फटके आणि पन्हा सव्वा मीटर. म्हणजे मिनिटाला 150 मीटर, सेकंदाला अडीच. मैदानावर पळणारी सातवीतली मुलगी याहून वेगात जाते! मग ती आपल्याला स्पष्ट दिसते आणि धोटा का दिसत नाही? इथं वर्ग जागा होतो. कोणीतरी म्हणतं, सर, तो मध्ये थांबतो ना. बरोबर. दोन फटक्यांमधला बराच वेळ तो पेटीत असतो, उडतो थोडाच वेळ. सरासरी वेग आणि प्रत्यक्ष वेग यांतला फरक फळ्यावर तासभर सांगूनही जो पोचत नाही, तो इथं पोचतो. जॉन के यांनी 1733 मध्ये इंग्लंडमध्ये धावता धोटा आणला, ही गोष्टही मग परीक्षेपुरती उरत नाही.

दुसरा प्रकल्प रिकाम्या रिळाचा. शिवणाचं रीळ घ्या. भोकातून रबर ओवा. एका टोकाला आगकाडीचा तुकडा अडकवा. दुसऱ्या टोकाला मेणबत्तीचा भोक पाडलेला काप आणि त्यावर खराट्याची लांब काडी. काडी फिरवून पीळ द्या, जमिनीवर ठेवा, रीळ हळूहळू चालू लागतं. दहा पिळांना किती अंतर, वीस पिळांना किती, फरशीवर किती, सतरंजीवर किती, हे वहीत लिहायचं. मेणाचा काप काढून पाहायचा, की घर्षण म्हणजे काय ते बोटांना कळतं. आणि रबर झटकन ताणून ओठाला लावलं तर ते कोमट लागतं. हे करून पाहिल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही. या प्रयोगाला भाषेची अडचण नाही. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू, कुठल्याही माध्यमाच्या वर्गात तो तितकाच चालतो.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याचं मोठं काम अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुका या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत केलं. त्यांची खेळणी मराठीतही पोचली आहेत. आपलं घोडं अडतं ते गुणांपाशी. त्या बाबतीत शेजारच्या मध्य प्रदेशाकडे बघावं. 1972 साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहावी ते आठवीची मुलं स्वतः प्रयोग करत, आणि परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवायची मुभा असे, प्रात्यक्षिकही असे. परीक्षा बदलली म्हणून वर्ग बदलला. ग्रामीण सरकारी शाळांत हे झालं, तर आपल्याकडे का होऊ नये?

म्हणून या संमेलनात एक ठराव व्हावा असं मला तळमळीनं वाटतं. आपल्या तालुका प्रदर्शनात निम्मे गुण प्रकल्पवहीला द्यावेत. वहीत तारखा असाव्यात, खोडलेले आकडे असावेत, फसलेला प्रयोगही लिहिलेला असावा, आणि फसला म्हणून त्याचा एकही गुण कापू नये. परीक्षकांनी मुलाला एवढंच विचारावं: हा आकडा तुला कसा मिळाला?

ठरावाचा मसुदा मी कार्यवाहांकडे दिला आहे. जेवणानंतरच्या सत्रात तो चर्चेला येईल. तोवर मागच्या टेबलांवर रिळं, रबर आणि मेणबत्त्या ठेवल्या आहेत. प्रत्येकानं एक गाडी करून, तिचं अंतर मोजूनच चर्चेला बसावं, ही विनंती.