छोटी मासळी : ताटात की खुराड्यात?

(महाराष्ट्रातून अभ्यासदौऱ्यावर आलेल्या विद्यार्थ्यांपुढे चेन्नई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज पहाटे तुम्ही कासिमेडूच्या मासळी बंदरावर जाऊन आलात. वंजिरम म्हणजे आपली सुरमई आणि वव्वाल म्हणजे आपले पापलेट. यांच्या लिलावाभोवती तुमची गर्दी होती. (लिलाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला; तमिळमधला ‘एलम’ही त्याच घराण्यातला.) परतताना तुमच्यापैकी एका विद्यार्थिनीने मला विचारले, ‘धक्क्याच्या कडेला फावड्याने टेम्पोत भरली जात होती ती बारीक मासळी कुठे जाते? तिचा लिलाव कोणी पुकारला नाही.’ आजच्या भाषणासाठी मी वेगळी टिपणे काढली होती. ती बाजूला ठेवून या एकाच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण लघु मच्छीमारीचे अर्थशास्त्र त्या ढिगात सामावलेले आहे.

तो ढीग ट्रॉलरच्या जाळ्यातून आलेला असतो. ट्रॉल म्हणजे समुद्राच्या तळालगत ओढत नेले जाणारे पिशवीसारखे जाळे. त्याच्या शेपटाकडील भागाचा आस, म्हणजे छिद्रे, बारीक असला की कोळंबीबरोबर जे जे वाटेत येईल ते सारे आत येते : राणी माशांची पिल्ले, लहान खेकडे, बांगड्याची बोटभर पोरे, आणि ज्यांना बाजारात नावच नाही असे कितीतरी जीव. अनेक दिवसांच्या सफरीत बर्फ आणि साठवणीची जागा दोन्ही मोजकी असल्याने ती महागड्या मासळीसाठी राखली जातात. पूर्वी उरलेला माल समुद्रातच टाकून दिला जाई. मासळीच्या पिठाचे कारखाने वाढले, त्याला भाव मिळू लागला आणि तो किनाऱ्यावर येऊ लागला. इंग्रजीत त्याला ‘ट्रॅश फिश’ म्हणण्याचा प्रघात पडला. हा शब्द मला नेहमीच खटकतो. जिला वाढू दिले असते तर ती पुढच्या वर्षी चांगल्या भावाने विकली गेली असती, अशा मासळीला कचरा म्हणणे हे हिशेबाच्या दृष्टीनेही चूक आहे.

आता याच शहराच्या दुसऱ्या किनाऱ्याकडे वळू. मरीनाच्या दक्षिण टोकाला नोच्चिकुप्पम, अड्यार नदीच्या मुखाशी ऊरूर ओल्कॉट कुप्पम अशा मच्छीमारांच्या वस्त्या आहेत. कुप्पम म्हणजे आपल्याकडचा कोळीवाडा समजा. येथील पट्टिनवर समाजाचे मच्छीमार पूर्वी कट्टुमरमवर जात. कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम म्हणजे लाकूड; बांधलेल्या ओंडक्यांच्या या तराफ्यावरूनच इंग्रजीत ‘कॅटामरान’ हा शब्द गेला. २००४ च्या त्सुनामीनंतर मदतीच्या ओघात फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने आल्या आणि कट्टुमरम जवळजवळ दिसेनासे झाले. होडीला इंजिन बसले तरी पद्धत तीच राहिली. पहाटे निघायचे, ठरावीक आसाची गळफास जाळी किंवा गळ टाकायचे, त्याच दिवशी परत यायचे. आलेली मासळी घरातील स्त्रीच्या हातून तासाभरात विकली जाते. नेथिलीसारखी बोटाएवढी मासळीही ताजी असते आणि कुणाच्या तरी ताटात जाते. म्हणजे कासिमेडूच्या ढिगातली आणि कुप्पममधल्या टोपलीतली मासळी आकाराने सारखीच असू शकते; तिचे भवितव्य ठरते ते जाळ्यावर, बर्फावर आणि वेळेवर.

या दोन पद्धतींमधला संघर्ष जुना आहे. १९५० च्या दशकात केरळमध्ये भारत-नॉर्वे प्रकल्पाने यांत्रिक नौकांची वाट मोकळी केली. पुढे कोळंबीच्या निर्यातीने ट्रॉलरची संख्या वाढवली आणि १९७० च्या दशकात मद्राससह अनेक किनाऱ्यांवर पारंपरिक मच्छीमार आणि ट्रॉलरमालक यांच्यात हाणामाऱ्या झाल्या. केंद्राने १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली आणि नंतर राज्यांसाठी नमुना विधेयक तयार केले. त्यानुसार केरळ व गोव्याने १९८० मध्ये, महाराष्ट्राने १९८१ मध्ये आणि तमिळनाडूने १९८३ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदे केले. तमिळनाडूच्या कायद्याने किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांचा पट्टा बिगरयांत्रिक मच्छीमारांसाठी राखून ठेवला. परीक्षेसाठी हा क्रम लक्षात ठेवाच, पण नुसता पाठ करू नका. कायदा कागदावर आहे. रात्रीच्या अंधारात त्या तीन मैलांत कोणती नौका शिरली हे पाहायला गस्ती नौका पुरेशा लागतात.

आता टेम्पोचा माग काढू. साधारण ४ ते ५ किलो ओली मासळी सुकवून, दळून १ किलो पीठ मिळते. त्यात ६० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि सोयाबीनच्या पेंडीपेक्षा ती कोंबडीला व कोळंबीला अधिक मानवतात. सुकी मासळी व तिचे पीठ काही प्रमाणात कोंबडीखाद्यात जाते. अंड्यांसाठी देशभर प्रसिद्ध असलेले नामक्कल याच राज्यात आहे. तेथील खाद्याचा मुख्य भार मका व सोयाबीनवर असतो, हेही सांगितले पाहिजे. पिठाचा दुसरा मोठा ग्राहक म्हणजे कोळंबीची तळी. २००९ मध्ये व्हॅनामी जातीच्या कोळंबीला परवानगी मिळाल्यावर हा व्यवसाय झपाट्याने वाढला. आज देशाच्या मत्स्य निर्यातीच्या मूल्यात गोठवलेल्या कोळंबीचाच वाटा सर्वात मोठा आहे.

येथे सोपा निवाडा देण्याचा मोह मी टाळतो. तमिळनाडूत शाळेच्या मध्यान्ह भोजनात मुलांना अंडे मिळते. म्हणजे मासळीची थोडी प्रथिने फिरून गरिबाच्या मुलाच्या ताटात येतात. निर्यात होणाऱ्या कोळंबीबाबत मात्र असे म्हणता येत नाही. शिवाय अंड्यातून प्रथिने परत आली तरी सगळे परत येत नाही. लहान मासळी डोके व काट्यासह खाल्ली जाते आणि त्यातून कॅल्शियम, लोह, जस्त, जीवनसत्त्व अ मिळते. बांगलादेशातील मोला या इवल्याशा माशावर दीर्घकाळ काम करणाऱ्या शकुंतला हरकसिंग थिलस्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो याच विचाराला मिळालेला मान होता.

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असे नाही. उष्ण कटिबंधीय आफ्रिकेत तो अधिक तीव्र रूपात दिसतो. केनिया, युगांडा व टांझानिया यांच्यामध्ये पसरलेल्या व्हिक्टोरिया सरोवरात रात्री दिव्यांच्या उजेडात एक चंदेरी बारीक मासा पकडला जातो. टांझानियात त्याला दगा, केनियात ओमेना, युगांडात मुकेने म्हणतात. त्याच सरोवरात विसाव्या शतकाच्या मध्यास बाहेरून आणून सोडलेला नाईल पर्च हा मोठा मासा कापून, गोठवून परदेशी जातो. स्थानिक गरिबांसाठी उरतो तो हा बारीक मासा. पण त्याचाही मोठा हिस्सा कोंबड्यांच्या व इतर पशूंच्या खाद्यात जातो, आणि यामागचे एक कारण अगदी साधे आहे. मासा उघड्या वाळूवर सुकवला की त्यात खडे मिसळतात. पाऊस आला की तो कुजतो. दाताखाली वाळू येणारा मासा माणूस घेत नाही, खाद्याचा व्यापारी घेतो, अर्थात कमी भावाने. तोच मासा उंच मांडवावर, जाळीवर सुकवला तर माणसाच्या बाजारात विकला जातो. सुकवण्याचे काम बहुधा स्त्रियांचे. मांडवाला लागणारे लाकूड व जाळी विकत घ्यायला चार पैसे हाती नसतात, म्हणून वाळू. आणि वाळू, म्हणून चार पैसे हाती येत नाहीत.

पश्चिम आफ्रिकेत गोष्ट वेगळी वळते. सेनेगल, गांबिया, मॉरिटानिया यांच्या किनाऱ्यावर लांब लाकडी होड्यांतून सार्डिनेला पकडला जातो. आपल्या तारलीचाच भाऊबंद. स्त्रिया तो धुरी देऊन, सुकवून आतल्या प्रदेशांत पाठवत आल्या आहेत. गेल्या दोन दशकांत तेथे पिठाचे कारखाने उभे राहिले. धुरी देणाऱ्या स्त्रीला होडीपाशी कारखान्याच्या दलालाशी बोली लावावी लागते. येथे मासळी खराब होऊन खाद्यात जात नाही. चांगली, ताजी मासळीच जाते. आपल्याकडेही तारलीच्या भरघोस हंगामात पश्चिम किनाऱ्यावर असे घडताना दिसते.

कोकणातून आलेल्या विद्यार्थ्यांना वाळू आणि मांडव यांतील फरक मी सांगायला नको. बोंबील बांबूच्या मांडवावर दोरीला अडकवून सुकवतात. जवळा मात्र जमिनीवर पसरला जातो. अवकाळी पावसाची एक सर आली की आगोटीच्या बेगमीसाठी ठेवायचा जवळा खताच्या भावाने द्यावा लागतो.

मग करता काय येईल? पिल्ले जाळ्यात येऊ नयेत यासाठी मासळीचा किमान कायदेशीर आकार ठरवण्याचे पाऊल केरळने २०१५ मध्ये उचलले. २०२३ मध्ये महाराष्ट्रानेही ५४ प्रजातींसाठी असा आकार ठरवला. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवसांची बंदी यांत्रिक नौकांना लागू असते. खाद्याच्या बाजूने पाहता, चेन्नईतील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने कोळंबीसाठी देशी खाद्य आणि मासळी बाजारातील टाकाऊ भागांपासून तलावांसाठी उपयुक्त द्रव्य तयार केले आहे. डोकी, आतडी, खवले यांना कचरा म्हणायला माझी हरकत नाही. खाद्य तेथूनच यावे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेची मांडणी २०,०५० कोटी रुपयांची होती. अशा योजनांत बंदरे आणि शीतगृहे चटकन दिसतात. सुकवणीचा मांडव आणि विक्रेत्या स्त्रीची बर्फाची पेटी या गोष्टी लहान असल्यामुळे मागे पडतात, असे माझे मत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लघु मच्छीमारीसाठी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. ती चंद्रिका शर्मा यांच्या स्मृतीस अर्पण केलेली आहेत. चेन्नईत मुख्य कार्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय मच्छीमार सहयोग संस्थेच्या त्या कार्यकारी सचिव होत्या आणि मार्च २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानात होत्या. याच संघटनेने सहयोगी संस्थांसह २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जगात पकडल्या जाणाऱ्या मासळीपैकी किमान ४० टक्के लघु मच्छीमारांच्या हातची असते. आपल्या वार्षिक आकडेवारीत ‘मत्स्योत्पादन’ या एका शब्दाखाली नेथिलीची टोपली आणि टेम्पोतला ढीग दोन्ही टनांत मोजले जातात. उत्तरपत्रिकेत तो आकडा लिहाल तेव्हा त्यातले किती माणसाच्या पोटात गेले, हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा.

उद्या आपण चेन्नईच्या उत्तरेला पुलिकट सरोवराकडे जाणार आहोत. तेथे गावांनी आपसांत पाळीने मासेमारीच्या जागा वाटून घेण्याची ‘पाडू’ नावाची जुनी पद्धत आहे. तिच्याविषयी तेथील मंडळींकडूनच ऐका. वाटेत मासळी सुकत घातलेली दिसली तर गाडी थांबवू. ती वाळूवर आहे की जाळीवर, एवढे पाहा, आणि ती कुठे विकली जाणार हे सुकवणाऱ्या बाईंनाच विचारा. तमिळ येणारे दोघे जण आपल्यासोबत आहेत.