डॅन्यूबकाठी डबलसीट
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



दहा मिनिटांत परदेशातल्या सायकल सहलीबद्दल बोल आणि मोबाइलवरचे फोटो दाखवत बसू नकोस, असं मला बजावलेलं आहे. दोन्ही अटी मान्य.

आपल्या बॅचचे आम्ही चौघे गेल्या सप्टेंबरात जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठानं सायकलवर गेलो. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. आकडा ऐकून घाबरू नका. नदी वाहते त्याच दिशेनं जायचं असतं. पूर्वी घोडे काठानं चालत आणि दोर लावून होड्या प्रवाहाविरुद्ध ओढून नेत. आजचा सायकलमार्ग बराचसा त्याच वाटांवरून जातो, त्यामुळे चढ फारसे नाहीत. रोज 40 ते 60 किलोमीटर. बॅगा व्हॅननं पुढच्या हॉटेलात जातात. आपल्याजवळ पाणी, रेनकोट आणि डब्यातला चिवडा. पुढे एक मार्गदर्शक आणि सगळ्यात शेवटी दुसरा. तिथे उजव्या बाजूनं चालवायचं, हे पहिल्या दिवशी दर चौकात स्वतःला सांगावं लागतं.

आता आमच्यातल्या एकाबद्दल. नाव घेऊ नकोस असं त्यानं बजावलंय, पण ही हकिगत सांगायला परवानगी दिली आहे. तो तिसऱ्या रांगेत बसलाय. आठवी ते दहावी, तीन वर्षं, मी त्याच्या सायकलच्या कॅरियरवर बसून शाळेत आलो. आमच्या घरी सायकल नव्हती. पुलाच्या चढावर मी म्हणायचो, "उतरू का रे?" तो म्हणायचा, "गप बस." आणि उभं राहून पायडल मारायचा. पहिल्या तासाला आम्ही उशिरा का येत होतो, ते बाईंना आज कळेल.

पासाऊला तीन नद्या एकमेकींना मिळतात, डॅन्यूब, इन आणि इल्झ. तिथल्या टाऊन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत. 2013 सालची खूण बघायला मान वर करावी लागते. कॅथेड्रलमधल्या ऑर्गनला जवळजवळ 18 हजार नळ्या आहेत. तो वाजायला लागला की बाकाची फळी थरथरते. पुढे श्लोगनला नदी इतकी वळते की आलेल्या दिशेलाच परत निघाल्यासारखी वाटते. पैलतीरी जायला छोट्या होड्या असतात. सायकल होडीत चढवायची आणि चार मिनिटांत पलीकडे.

दुसऱ्या दिवसापासून आपला मित्र मागे पडायला लागला. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, व्हॅनमध्ये बॅटरीची सायकल आहे, ती घ्या. तो नाही म्हणाला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "घे रे, वय झालं आता तुझं." सगळे हसले. तो हसला नाही. मला वाटलं, अहंकार.

तिसऱ्या दिवशी माउटहाउझनला थांबलो. तिथे 1938 पासून नाझींची छळछावणी होती. नदीकाठच्या गावातून चढ चढून वर जावं लागतं. खाली ग्रॅनाइटची खाण आहे आणि खाणीतून वर येणाऱ्या 186 पायऱ्या. कैद्यांना पाठीवर दगड घेऊन त्या चढायला लावत. माउटहाउझन आणि तिच्या उपछावण्यांत मिळून सुमारे 1 लाख 90 हजार माणसं आणली गेली आणि त्यातली किमान 90 हजार मेली. 5 मे 1945 रोजी अमेरिकन सैन्यानं छावणी मुक्त केली. आपण ज्या सुंदर नदीच्या काठानं शीळ घालत आलो, तिच्याच काठावर हे घडलं. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कोणी फारसं बोललं नाही.

चौथ्या दिवशी समोरून वारा होता. आम्ही तिघे पुढच्या लोकांबरोबर मेल्कला पोचलो. तिथला मठ नदीच्या वर कड्यावर उभा आहे. बेनेडिक्टाइन साधू तिथे 1089 पासून आहेत. आजची पिवळी इमारत अठराव्या शतकातली. ग्रंथालयात छतापर्यंत तपकिरी कातडी बांधणीच्या पुस्तकांच्या रांगा आहेत. मी मान वर करून छतावरची चित्रं बघत होतो, तेवढ्यात फोन आला. आपला मित्र वाटेत बाकावर बसला होता, छातीत दडपल्यासारखं वाटत होतं. मागच्या मार्गदर्शकानं रुग्णवाहिका बोलावली होती.

रुग्णालयात डॉक्टरांनी मला विचारलं, "यांची अँजिओप्लास्टी कधी झाली?" मी म्हणालो, "झालेली नाही." डॉक्टर म्हणाले, "झाली आहे. त्यांनी आत्ताच सांगितलं."

मित्रांनो, सहलीचा आरोग्याचा फॉर्म चौघांचाही मीच भरला होता. फोनवर त्याला विचारलं होतं, "तुला काही नाही ना?" तो म्हणाला, "नाही." मी खूण केली आणि पुढच्या रकान्यावर गेलो. आता वाटतं, मी विचारलंच नव्हतं. "काही नाही ना" हा प्रश्न नव्हे. त्यात उत्तर आधीच भरलेलं असतं.

ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या ठीक निघाल्या. श्रमानं झालं होतं. दोन दिवस सायकल बंद, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर बॅटरीची सायकल, तीही सपाट रस्त्यावर आणि सावकाश. मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊचा पट्टा सगळ्या मार्गात देखणा. 2000 सालापासून तो जागतिक वारसा आहे. दगडी बांधांवर द्राक्षमळे, खाली जर्दाळूच्या बागा. तो मी सायकलवरून पाहिला नाही. सायकल बोटीवर चढवली आणि त्याच्याबरोबर डेकवर बसलो.

ड्युर्नस्टाइनचा पडका किल्ला दिसायला लागला. इंग्लंडचा राजा रिचर्ड 1192 च्या डिसेंबरात पकडला गेला आणि तिथे कैदेत होता. ते मी त्याला सांगत होतो. तो मध्येच म्हणाला, "मी आधी सांगितलं असतं, तर तुम्ही मला आणलं असतं का?"

मी लगेच हो म्हणू शकलो नाही. खरं सांगायचं तर नसतं आणलं. गोड बोलून टाळलं असतं. त्यालाही ते ठाऊक होतं, म्हणून तो खोटं बोलला. आणि खरं ऐकलं असतं तर करायला काही अवघड नव्हतं. बॅटरीची सायकल पहिल्या दिवसापासून ठरवता आली असती. रोजचे टप्पे छोटे निवडता आले असते. मधले पट्टे बोटीनं किंवा रेल्वेनं करता आले असते. प्रवास विम्यात जुना आजार नोंदवता आला असता. तो नोंदवला नव्हता, त्यामुळे रुग्णालयाचं बिल खिशातून गेलं.

शेवटच्या दिवशी, डॉक्टरांना फोनवर विचारून, तो बॅटरीच्या सायकलवर बसला. व्हिएन्नाच्या अलीकडे एका छोट्या पुलाच्या चढावर मी गिअर बदलत, धापा टाकत होतो. तो अलगद पुढे गेला, वर थांबला आणि मागच्या कॅरियरवर थाप मारून म्हणाला, "बसतोस का?"

पुढच्या वर्षी पुन्हा जायचं ठरतंय. नावं द्यायची वही दारापाशी ठेवली आहे. खर्च बराच येतो, तो आधी विचारा, संकोच करू नका. दोन महिने आधी रोज सायकल चालवा, विशेषतः बैठकीला सवय व्हावी म्हणून. व्हिसा ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाचा काढा. आणि वहीत शेवटचा रकाना तब्येतीचा आहे. तो मी भरणार नाही, तुम्ही भरायचा. जे असेल ते लिहा. कोणाचंही नाव त्यावरून खोडलं जाणार नाही, सहल त्याप्रमाणे आखली जाईल. हा शब्द मी तिसऱ्या रांगेकडे बघून देतो आहे.