रहस्यकथेची शिफारस

(गडहिंग्लज येथे वाचकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘अलीकडच्या कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात’ या विषयावर मी बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. ती मान्य करताना मी एक अट घातली. त्या यादीत रहस्यकथांना मी जागा देईन, आणि तीही शेवटची नव्हे, पहिली. आपल्या समाजवादी मंडळींत ही गोष्ट जरा चोरून करण्याची मानली जाते. शिबिराला जाताना पिशवीत वर वैचारिक पुस्तक ठेवायचे आणि तळाशी बाबूराव अर्नाळकर, हा रिवाज आपल्यापैकी पुष्कळांना परिचित आहे. हा रिवाज मोडावा, असे मला वाटते. त्यामागची कारणे केवळ करमणुकीची नाहीत.

आधी अर्नाळकरांविषयी. चंद्रकांत सखाराम चव्हाण या मूळ नावाच्या या गृहस्थाने ‘बाबूराव अर्नाळकर’ या नावाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. १९९६ साली ते वारले. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू ही त्यांची माणसे एका काळी मराठी मुलुखात मंत्र्यांपेक्षा अधिक ओळखीची होती. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी त्यांच्यासाठी किती ओळी खर्च केल्या, हे ज्याने त्याने पाहावे. परंतु गिरणीतला बदली कामगार, एसटीचा वाहक आणि तालुक्याच्या गावी शिकायला आलेला शेतकऱ्याचा मुलगा यांच्या हाती शाळेबाहेरचे पहिले पुस्तक दिले ते याच माणसाने. शाळेने मुळाक्षरे शिकवली. पान उलटण्याची ओढ लावली ती अर्नाळकरांनी. पुढे गुरुनाथ नाईक आले. मूळचे गोव्याचे, २०२१ साली निधन पावलेले. त्यांच्या रहस्यकथांची संख्या बाराशेच्या घरात सांगतात. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास अशी पात्रे उभी केली, आणि त्याच लेखणीने १९८२ मध्ये ‘दुनियादारी’ लिहिली. तिच्यावर २०१३ साली चित्रपट निघाला, तेव्हा आमच्या समीक्षकांना शिरवळकर नावाचे एक लेखक होऊन गेल्याचे स्मरण झाले. ते तर २००३ मध्येच गेले होते!

तुरुंगात बसून ग्राम्शीने एक प्रश्न विचारला होता. इटलीतले सामान्य लोक परदेशी रहस्यकथा आणि साहसकथा इतक्या आवडीने का वाचतात, आणि इटालियन लेखकांना का वाचत नाहीत? त्याच्या उत्तराचा रोख असा, की इटालियन लेखकाला लोकांशी कर्तव्यच नव्हते; तो त्यांच्या भावविश्वापासून तुटलेला होता. दोष वाचकाच्या अभिरुचीत शोधण्याऐवजी त्याने तो लेखकवर्गात शोधला. ब्रेख्तही गुन्हेकथांचा चाहता होता आणि त्यांच्या लोकप्रियतेवर त्याने लिहिलेही आहे. बेल्जियमचे मार्क्सवादी अर्थतज्ज्ञ अर्नेस्ट मँडेल यांनी १९८४ साली गुन्हेकथेचा सामाजिक इतिहासच लिहिला, आणि आपल्याला असल्या कथा वाचायला आवडतात हे त्यात आरंभीच कबूल केले. तेव्हा आपण फार ओशाळे होण्याचे कारण नाही.

मँडेल यांची तक्रार मात्र ऐकून घेतली पाहिजे. ती अशी, की जुनी रहस्यकथा गुन्ह्याला एका माणसाचे दुष्कृत्य ठरवते. बंगल्यात खून होतो, बुद्धिमान गुप्तहेर येतो, खुनी सापडतो, आणि बंगला पूर्ववत शांत होतो. त्या बंगल्याचा पैसा कोठून आला, हे कोणी विचारत नाही. अर्नाळकरांनाही हे लागू आहे. काळा पहाड श्रीमंतांना लुटून गरजूंना देतो, हे खरे. पण तो वर्षानुवर्षे देत राहतो आणि गरजू वर्षानुवर्षे गरजूच राहतात. स्त्रियांच्या वाट्याला बहुधा पळवले जाणे किंवा सोडवले जाणे, एवढीच कामगिरी येते. हे दोष मी झाकत नाही. परंतु हे दोष त्या लेखकांचे आहेत, रहस्यकथा या प्रकाराचे नाहीत, हे दाखवणारी उदाहरणे बाहेर पुष्कळ आहेत. डॅशिएल हॅमेट हा अमेरिकन लेखक आधी पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर कंपनीत नोकरीला होता, आणि ही कंपनी संप मोडण्याची कंत्राटे घेत असे. त्याच्या १९२९ च्या ‘रेड हार्वेस्ट’ या कादंबरीत खाणीच्या गावातले भांडवलदार, पोलीस आणि गुंड एकाच माळेचे मणी आहेत. याच हॅमेटने १९५१ साली न्यायालयात सहकाऱ्यांची नावे सांगण्यास नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. स्वीडनमध्ये माय शोवाल आणि पेर वालू या डाव्या विचारांच्या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात बरोबर दहा पोलीस-कादंबऱ्या लिहिल्या. कल्याणकारी म्हणवणारे राज्य आतून कसे पोखरले आहे, ते दाखवण्यासाठीच त्यांनी हा प्रकार निवडला. मराठीत हे अद्याप कोणी पुरतेपणी केलेले नाही. मुंबई पोलिसांच्या खऱ्या तपासांवर लिहिणारे श्रीकांत सिनकर त्या वाटेवर काही अंतर गेले होते.

आपल्या शेजारच्या भाषेतले एक उदाहरण मला याहून जवळचे वाटते. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ साली बंगालीत ब्योमकेश बक्षी निर्माण केला. या ब्योमकेशला ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द आवडत नाही. तो स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो. ज्या भागात ‘सत्यशोधक’ हा शब्द जोतीरावांनी १८७३ साली रूढ केला आणि शाहू छत्रपतींच्या राज्यात तो गावोगाव पोचला, त्या भागातल्या वाचकाला या शब्दाचे मोल निराळे सांगायला नको. भटजी सांगतो म्हणून नव्हे, पोथीत आहे म्हणून नव्हे, तर पुरावा काय, हे विचारा, असे सत्यशोधकांनी सांगितले. रहस्यकथाही आपल्या साध्या भाषेत हेच सांगते. ज्याच्यावर सगळ्यांचा पहिला संशय जातो तो बहुधा निर्दोष निघतो, आणि गावाने ज्याला एकमताने खुनी ठरवले आहे त्याला वाचवण्यासाठी नायकाला पाऊणशे पाने खर्चावी लागतात. जमावाच्या खात्रीवर इतका अविश्वास दाखवणारा दुसरा लोकप्रिय साहित्यप्रकार मला माहीत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा निरोप लोकांच्या भ्रमणध्वनींवर फिरत होता. कोणाचे मूल हरवले, केव्हा हरवले, कोणी पाहिले, हे तीन प्रश्न विचारणारा एक माणूस त्या बाजारात उभा राहिला असता तर काय झाले असते, हे मी सांगू शकत नाही. असा माणूस घडतो कसा, हा प्रश्न मात्र आपला आहे.

आणि दुसरी बाजूही पाहा. रहस्यकथेचा वाचकाशी एक करार असतो: शेवटच्या प्रकरणात सत्य कळेल. हा करार आपल्या आयुष्यात किती पाळला गेला? डॉ. नरेंद्र दाभोलकर, ‘साधना’चे संपादक, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना मारले गेले. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आपल्या कोल्हापुरात, घराजवळ, पत्नीसमवेत परतत असताना गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला ते गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये प्रा. कलबुर्गी यांना मारण्यात आले आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळूरमध्ये गौरी लंकेश यांना. दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला, म्हणजे पावणेअकरा वर्षांनी. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले; आणि कटाचे खरे सूत्रधार तपासयंत्रणांना उघड करता आले नाहीत, हे न्यायालयानेच नमूद केले. अर्नाळकरांनी अशा ठिकाणी कादंबरी संपवली असती, तर वाचकांनी पुस्तक प्रकाशकाच्या दारात नेऊन टाकले असते. ‘मग सूत्रधार कोण?’ हा हट्ट कागदावरच्या खुनाबाबत आपण धरतो. खऱ्या खुनाबाबत दोन मोर्च्यांनंतर आपला आवाज बसतो.

आता समकालीन कादंबरीकडे वळतो. खरे तर वळण्यासारखे फारसे काही नाही, कारण अलीकडच्या ज्या पुस्तकांची मी शिफारस करणार आहे, त्यांच्या पोटीही एकेक तपासच आहे. फरक इतकाच, की तेथे मारला गेलेला एक माणूस नसतो. एक गाव असते किंवा एक धंदा असतो.

जयंत पवार २०२१ साली गेले. त्यांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा कथासंग्रह २०१२ च्या साहित्य अकादमी पुरस्काराचा मानकरी. या गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागातल्या घराघरांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप अधिकृतपणे कधी संपलाच नाही. गिरण्या मात्र संपल्या, आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. गिरणगावाचा खून कोणी केला, हे पवार विचारतात, आणि साक्षीदार म्हणून त्या चाळींतली मागे उरलेली माणसे उभी करतात. ज्यांच्या घरी वडिलांचा गिरणीचा पास अजून ट्रंकेत आहे, त्यांनी ही पुस्तके आधी वाचावीत.

राजन गवस तर याच तालुक्यातले. ‘तणकट’ला २००१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणून ती अनेकांनी वाचली असेल, मी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ सुचवतो. १९७५ साली याच गडहिंग्लजमध्ये देवदासींची परिषद भरली होती. त्या परिषदेचे ठराव कोणाला आज आठवत नसतील, परंतु देवाच्या नावाने सोडलेल्या मुलीचे आणि जोगता झालेल्या पुरुषाचे आयुष्य आतून कसे असते, हे या दोन कादंबऱ्यांनी कायमचे नोंदवून ठेवले आहे. सौंदत्तीच्या यात्रेच्या गाड्या ज्या रस्त्याने जातात त्या रस्त्यावर राहणाऱ्यांनी हे वाचू नये, याला काय म्हणावे?

कृष्णात खोत पन्हाळा तालुक्यातले. त्यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणात गाव गेले, माणसे उठली, आणि एक म्हैस मागे राहिली. ती आणण्यासाठी माणूस परत जातो. तोवर ती रानटी झालेली असते. कथानक एवढेच. धरणग्रस्तांच्या परिषदांत मी अनेक भाषणे ऐकली आहेत, स्वतःही केली आहेत. जमिनीला जमीन, पाणी सोडण्याआधी पुनर्वसन, या मागण्या योग्यच होत्या आणि आहेत. पण उठवलेल्या माणसाचे नेमके काय हरवते, ते मला ही कादंबरी वाचताना जसे कळले तसे कोणत्याही निवेदनातून कळले नव्हते. आज एकच पुस्तक नेणार असाल तर हे न्या.

निपाणीच्या महादेव मोरे यांना पुरस्कारांच्या यादीत शोधू नका. ते टॅक्सी चालवत, पुढे पिठाची गिरणी चालवत, आणि लिहीत. २०२४ साली ते गेले. ‘झोंबड’, ‘एकोणिसावी जात’ अशी त्यांची पुस्तके. ड्रायव्हर, गॅरेजवाले, तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका हे त्यांचे जग. राज्यपुनर्रचनेने १९५६ मध्ये निपाणी पलीकडे गेली आणि मराठी समीक्षेने मोऱ्यांनाही पलीकडेच ठेवले. येथून तासाभराच्या वाटेवर राहणारा हा लेखक आपल्या किती जणांच्या घरी आहे, हे आज जाताना एकमेकांना विचारावे.

कविता महाजनांच्या ‘ब्र’विषयी बोललो नाही तर भगिनी मला माफ करणार नाहीत. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने बायका सरपंच झाल्या, पण खुर्चीवर बसलेली बाई बोलते का, आणि बोलली तर तिचे काय होते, याचा शोध २००५ च्या या कादंबरीने घेतला आहे. पंचायतीत निवडून आलेल्या प्रत्येक सदस्येच्या हाती ती पडावी. तिच्या नवऱ्याच्याही.

शेवटी व्यवहाराचे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. मद्रासचा कायदा १९४८ चा आणि महाराष्ट्राचा १९६७ चा. म्हणजे वाचनालय ही या भागात कोणाच्या मेहेरबानीची नव्हे, हक्काची गोष्ट आहे. त्या हक्काने आपण तीन मागण्या कराव्यात. रहस्यकथा फाटल्या म्हणून रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्या फाटतात त्या वाचल्या जातात म्हणून, आणि जुनी अर्नाळकरी पुस्तके आता दुर्मिळ आहेत. त्या बांधून घ्याव्यात. दुसरे, त्या वेगळ्या कोपऱ्यातल्या कपाटात न ठेवता इतर कादंबऱ्यांच्या शेजारी ठेवाव्यात, म्हणजे शिरवळकर शोधायला आलेल्या मुलाचा हात एखादे वेळी खोतांवर पडेल. तिसरे, या जिल्ह्यातल्या आणि सीमेपलीकडच्या लेखकांच्या प्रत्येक पुस्तकाच्या किमान दोन प्रती असाव्यात, कारण एक प्रत नेहमी कोणा ना कोणा कार्यकर्त्याच्या घरी अडकलेली असते. ‘रिंगाण’ची माझी प्रत मी आज येथे ठेवून जात आहे. नेणाऱ्याने वहीत नाव लिहावे आणि पुढच्या बैठकीला ती परत आणावी. तिच्यासाठी दोघांनी आधीच नंबर लावला आहे.